घरांचा प्रश्न आणि कॅम्डेन कौन्सिल

लंडनमध्ये किंग्ज क्रॉस आणि सेंट पँक्रस ही दोन मोठी रेल्वे स्थानके शेजारीशेजारी आहेत. त्यांच्या समोर, युस्टन रोडच्या पलीकडे, एक भारदस्त दगडी इमारत उभी आहे. लंडनच्या स्थानिक कारभाराच्या विभागाला बरो म्हणतात. १९३७ साली ती सेंट पँक्रस बरोचा टाउन हॉल म्हणून बांधून पुरी झाली. १ एप्रिल १९६५ रोजी सेंट पँक्रस, हॅम्पस्टेड आणि हॉबर्न हे तीन जुने बरो एकत्र करून कॅम्डेन हा नवा बरो निर्माण झाला आणि या इमारतीत नव्या कौन्सिलचा कारभार सुरू झाला. २०२५ साली या संस्थेने साठी पार केली. तिचे वय मात्र साठ एवढेच मोजून चालणार नाही. तिची वृत्ती, तिची भांडणे आणि तिचा अभिमान या सगळ्यांची मुळे जुन्या सेंट पँक्रसमध्ये आहेत.

या कौन्सिलचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुनःपुन्हा समोर येते. पक्ष बदलले, नेते बदलले, कायदे बदलले, तरी सभागृहातला मोठा वाद बहुतेक वेळा घरांवरूनच झाला. सामान्य माणसासाठी घर कोणी बांधायचे, ते कसे असावे, त्याचे भाडे किती असावे आणि ते ठरवण्याचा अधिकार लंडनच्या एका बरोला आहे की सरकारला, हा तो वाद. कॅम्डेनचे राजकारण समजून घ्यायचे तर याच वाटेने जायला हवे.

आधी भूगोल पाहू, कारण इथली मते बरीचशी भूगोलाने ठरत आली. उत्तरेला हॅम्पस्टेडची टेकडी, तिथले मोठे मोकळे रान, लेखक-कलावंतांची आणि धनिकांची घरे. हॅम्पस्टेड बरो स्वतंत्र होता तोवर तिथे हुजूर पक्षाची सत्ता कधी गेली नाही. दक्षिणेला हॉबर्न. आकाराने लंडनच्या जुन्या बरोंपैकी सर्वांत लहान, पण ब्रिटिश म्युझियम आणि वकिलांची ग्रेज इन, लिंकन्स इन ही विद्यापीठे म्हणावीत अशी ठिकाणे तिथलीच. सावरकर आणि आंबेडकर दोघेही बॅरिस्टरीसाठी याच ग्रेज इनमध्ये दाखल झाले होते. या दोहोंच्या मध्ये सेंट पँक्रस पसरलेले. युस्टन, सेंट पँक्रस, किंग्ज क्रॉस या स्थानकांचे रूळ, मालधक्के, कोळशाची आवारे, कालवा आणि त्यांच्या अंगाने रेल्वे कामगारांची दाटीची वस्ती. आयरिश, सायप्रसचे ग्रीक, पुढे बांगलादेशी अशा स्थलांतरितांनी याच सखल भागात बस्तान बसवले. युस्टनमागच्या ड्रमंड स्ट्रीटवर मुंबईची भेळपुरी कित्येक वर्षांपासून मिळते. टेकडीने हुजूर पक्षाला आणि रुळांच्या कडेने मजूर पक्षाला मत द्यायचे, असा ढोबळ हिशेब बराच काळ चालला.

एकोणिसाव्या शतकात सेंट पँक्रसचा कारभार व्हेस्ट्री पाहत असे. व्हेस्ट्री म्हणजे चर्चच्या पॅरिशमधून वाढत गेलेली स्थानिक सभा. तिच्यात दुकानदार आणि घरमालकांचा भरणा असे आणि घरपट्टी वाढू न देणे हेच अनेक सभासदांचे मुख्य धोरण असे. तरीही याच व्हेस्ट्रीने १८९१ साली स्वतःचे वीज केंद्र सुरू केले आणि स्थानिक संस्थेनेच लोकांना वीज पुरवण्याचा पायंडा लंडनमध्ये पाडला. १८९७ साली नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ या व्हेस्ट्रीचे सभासद झाले. १९०० साली व्हेस्ट्री जाऊन बरो कौन्सिल आले, तेव्हा ते नगरसेवक झाले आणि १९०३पर्यंत राहिले. शॉ यांनी गटारे, आरोग्य, कचरा, वीज या विषयांच्या समित्यांवर मनापासून काम केले. कॅम्डेन टाउनच्या चौकात स्त्रियांसाठी सार्वजनिक स्वच्छतागृह असावे, म्हणून त्यांनी धरलेला आग्रह विशेष सांगण्यासारखा आहे. पुरुषांची सोय होती, स्त्रियांची नव्हती, आणि सभेतल्या अनेकांना हा विषय काढणेसुद्धा असभ्य वाटे. रहदारीला अडथळा होतो की नाही हे पाहण्यासाठी त्या जागी लाकडी सांगाडा उभारला, तेव्हा विरोधकांच्या गाड्या मुद्दाम त्यावर येऊन आदळू लागल्या. स्वच्छतागृह शेवटी झाले. नगरपालिकेच्या कामाची प्रतिष्ठा अशा कामांतूनच वाढते, असे मला वाटते. शॉ यांना उत्तरायुष्यात, १९४६ साली, सेंट पँक्रसने आपल्या बरोचे सन्माननीय नागरिकत्व दिले.

हा मान मिळवणारे दुसरे गृहस्थ भारतीय होते. व्ही. के. कृष्ण मेनन १९३४ साली मजूर पक्षातर्फे सेंट पँक्रसचे नगरसेवक झाले आणि १९४७पर्यंत त्या पदावर राहिले. आपल्याला मेनन आठवतात ते संयुक्त राष्ट्रसंघातले प्रदीर्घ भाषण करणारे, उत्तर मुंबईतून लोकसभेवर दोनदा निवडून गेलेले, चीनच्या आक्रमणानंतर संरक्षणमंत्रिपद सोडावे लागलेले. सेंट पँक्रसच्या लोकांना ते आठवत राहिले ग्रंथालयांसाठी. शिक्षण आणि ग्रंथालय समितीचे ते अध्यक्ष होते. वस्त्यांमध्ये वाचनालये वाढवावीत, पुस्तके मुलांपर्यंत पोहोचवावीत, यासाठी त्यांनी कौन्सिलमध्ये पैसे मागितले आणि मिळवले. स्वस्त पेलिकन पुस्तकमालेच्या संपादनात त्यांचा वाटा होता, हे लक्षात घेतले की या कामाची संगती लागते. इंडिया लीगचे काम, भारताच्या स्वातंत्र्याची सभा आणि बरोच्या वाचनालयाचे अंदाजपत्रक ही सगळी कामे हा माणूस एकाच आठवड्यात करीत होता. याच सभागृहात १९३७ साली बार्बरा बेट्स नावाच्या तरुण पत्रकार नगरसेविका झाल्या. पुढे बार्बरा कॅसल या नावाने त्या ब्रिटनच्या मंत्रिमंडळात गाजल्या. मेनन भारताचे लंडनमधले पहिले उच्चायुक्त झाले आणि १९५५ साली सेंट पँक्रसने त्यांना सन्माननीय नागरिक केले. कॅम्डेन स्क्वेअरमध्ये ते राहत त्या घरावर आज त्यांच्या नावाची पाटी आहे.

दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकीने या भागाची दैना झाली. युद्धानंतर कौन्सिलने झपाट्याने घरे बांधली आणि ती आपल्या भाडेकरूंना दिली. इथून खरा संघर्ष सुरू होतो.

१९५६ साली जॉन लॉरेन्स सेंट पँक्रस कौन्सिलचे नेते झाले. ते मजूर पक्षाच्या डाव्या टोकाचे होते. त्यांच्या काळात कौन्सिलने भाडी कमी ठेवली आणि तूट घरपट्टीतून भरली. हायड्रोजन बाँबपुढे नागरी संरक्षणाची कवायत म्हणजे लोकांची फसवणूक आहे, असे सांगून १९५७ साली त्या कामाला पैसे द्यायचे नाकारले. १ मे १९५८ रोजी कामगार दिनानिमित्त टाउन हॉलवर लाल बावटा फडकवला. यावरून रस्त्यात हाणामारी झाली, वृत्तपत्रांनी झोड उठवली आणि मजूर पक्षाच्या वरिष्ठांनी लॉरेन्स यांना पक्षातून काढले. बावट्याची गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहिली, पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचे होते ते लेखापरीक्षकाचे पत्र. भाडी वाजवीपेक्षा कमी ठेवून घरपट्टी भरणाऱ्यांचे नुकसान केले, असा ठपका ठेवून सरकारी जिल्हा लेखापरीक्षकाने नगरसेवकांवर ती रक्कम वैयक्तिक वसुली म्हणून लावली. निवडून आलेल्या माणसाने धोरण म्हणून घेतलेल्या निर्णयाचे पैसे त्याच्या खिशातून मागायचे, ही तरतूद इंग्लंडच्या कायद्यात २००० सालापर्यंत होती. तोवर लॉरेन्स यांच्यानंतरच्या प्रत्येक डाव्या कौन्सिलच्या डोक्यावर ही टांगती तलवार राहिली.

१९५९ साली हुजूर पक्षाने सेंट पँक्रस जिंकले आणि भाडेकरूच्या उत्पन्नानुसार भाडे ठरवणारी नवी पद्धत आणली. जानेवारी १९६०पासून ती लागू झाली. अनेकांचे भाडे एकदम वाढले. घरातल्या कमावत्या मुलांचे उत्पन्नही हिशेबात धरले जाई, याचा राग विशेष होता. वसाहती-वसाहतींतल्या भाडेकरू संघांनी एकजूट केली आणि वाढीव भाडे न देण्याचे ठरवले. डॉन कुक हे या चळवळीचे चिटणीस. कौन्सिलने नोटिसा काढल्या, बहुतेक कुटुंबे हळूहळू मागे हटली, आणि शेवटी दोन माणसे ठाम उरली. केंटिश टाउनच्या केनिस्टन हाउसमध्ये कुक आणि हॅम्पस्टेड रोडवरच्या सिल्व्हरडेलमध्ये आर्थर रो.

२२ सप्टेंबर १९६०च्या पहाटे बेलिफ आले. दोन्ही घरांची दारे आतून जुन्या सामानसुमानाने आणि तारांनी बंद केलेली होती. शेजाऱ्यांचे जागते पहारे होते, इशारा द्यायला घंटा होत्या. बेलिफांच्या सोबत शेकडो पोलीस होते. कुक यांच्या घराचे दार फुटेना, तेव्हा बेलिफांनी छप्पर फोडून आत प्रवेश केला. बातमी पसरताच आजूबाजूचे कामगार काम टाकून आले, बांधकामावरचे मजूर मोर्चाने निघाले. संध्याकाळी टाउन हॉलपुढे जमाव आणि पोलीस यांच्यात जोरदार चकमकी झाल्या. गृहमंत्री आर. ए. बटलर यांनी सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कायद्याखाली सेंट पँक्रसमध्ये तीन महिने मोर्चांवर बंदी घातली. लंडनच्या एका बरोत घरभाड्यासाठी ही वेळ आली होती. १९६२ साली लोकांनी मजूर पक्षाला परत निवडून दिले, पण वैयक्तिक वसुलीच्या धाकापुढे नव्या कौन्सिलला ती भाडेपद्धत मोडीत काढता आली नाही. भाडेकरूंच्या मनात दोन्ही पक्षांविषयी जो संशय तेव्हा बसला, तो पुढच्या पिढ्यांतही टिकला.

लंडनचा विस्तार फार वाढला होता आणि जुने छोटे बरो त्याला अपुरे पडत होते. १९६३च्या कायद्याने ३२ मोठे बरो करायचे ठरले. हॅम्पस्टेडला सेंट पँक्रसशी संसार करायची हौस नव्हती आणि सेंट पँक्रसलाही हॅम्पस्टेडचा भरवसा वाटत नव्हता. नाव कोणा एकाचे न घेता मधल्या कॅम्डेन टाउनचे घेतले. या वस्तीला ते नाव १७९१ साली तिथली जमीन बांधकामाला देणाऱ्या चार्ल्स प्रॅट या अर्ल कॅम्डेनवरून पडले होते. बोधचिन्हावरचे ब्रीद मात्र हॅम्पस्टेडचे राहिले. स्वतःसाठी नव्हे, सर्वांसाठी, अशा अर्थाचे ते लॅटिन वचन हुजूर पक्षाच्या बालेकिल्ल्यातून आले आणि मजूर पक्षाच्या कौन्सिलने ते मनापासून मिरवले.

मे १९६४मध्ये पहिली निवडणूक झाली आणि मजूर पक्ष सत्तेवर आला. १९६८ साली देशभर मजूर पक्षाविरुद्ध लाट होती. तिच्यात कॅम्डेन हुजूर पक्षाकडे गेले आणि जेफ्री फिन्सबर्ग नेते झाले. १९७१ साली मजूर पक्ष परतला तो थेट २००६पर्यंत सत्तेत राहिला. हुजूर पक्षाला कॅम्डेनमध्ये एकट्याच्या बळावर सत्ता मिळाली ती त्या तीन वर्षांपुरतीच.

नव्या कौन्सिलकडे पैसा होता. हॉबर्न आणि युस्टनच्या कचेऱ्यांची घरपट्टी भरघोस येत असे. हा पैसा तिने घरांवर लावला आणि इंग्लंडच्या वास्तुकलेत आपले नाव केले. सिडनी कुक हे बरोचे मुख्य वास्तुरचनाकार होते. उंच मनोरे उभे करून माणसांना हवेत टांगण्यापेक्षा रस्ता, दार आणि अंगण शाबूत ठेवून दाट वस्ती कशी करता येईल, हा प्रश्न त्यांनी आपल्या तरुण सहकाऱ्यांपुढे ठेवला. नीव्ह ब्राऊन, पीटर टाबोरी, गॉर्डन बेन्सन, अॅलन फोरसिथ ही मंडळी त्यांच्याकडे काम करीत होती.

ब्राऊन यांची अलेक्झांड्रा रोड वसाहत मन लावून पाहावी अशी आहे. १९६८ साली आराखडा, १९७२ साली बांधकाम सुरू, १९७८ साली पूर्ण. युस्टनहून उत्तरेकडे जाणाऱ्या मुख्य लोहमार्गाच्या अगदी कडेला ही जागा. त्यांनी आठ मजल्यांची एक लांब, किंचित वळत जाणारी इमारत रुळांकडे पाठ करून बसवली. पाठीकडची भिंत गाड्यांचा आवाज अडवते, पायाखाली रबराच्या गाद्या हादरे शोषतात. समोरची बाजू घाटाच्या पायऱ्यांसारखी मागे मागे सरकत वर जाते, त्यामुळे प्रत्येक घराच्या पुढ्यात आकाशाखालची गच्ची येते. समोर चार मजल्यांची बुटकी ओळ आणि दोन्हींच्या मध्ये विटांची फरसबंदी केलेला पायरस्ता, जिथे गाड्या येत नाहीत. ५२० घरे, शाळा, बाग, सभागृह. गच्च्यांवरून झाडे-वेली खाली झुकतात आणि पांढऱ्या काँक्रीटवर साच्याच्या फळ्यांच्या रेघा अजून स्पष्ट दिसतात. हे कौन्सिलच्या भाडेकरूंसाठी बांधलेले घर आहे, हे पाहणाऱ्याला सांगावे लागते.

खर्च मात्र अंदाजाच्या दुपटीहूनही पुढे गेला. जमिनीखालच्या अडचणी, सत्तरच्या दशकातली भयंकर महागाई आणि कामाची बदलत गेलेली व्याप्ती ही त्याची कारणे. १९७८ साली गृहनिर्माण समितीचे अध्यक्ष झालेल्या केन लिव्हिंगस्टन यांनी चौकशी बसवली. ब्राऊन यांच्यावर ठपका सिद्ध झाला नाही, तरी त्या चौकशीच्या सावलीमुळे त्यांना पुन्हा ब्रिटनमध्ये इमारत बांधण्याची संधी मिळाली नाही. कौन्सिलच्या इतिहासातला हा मोठा अन्याय आहे आणि तो स्पष्ट नोंदवला पाहिजे. १९९३ साली ही वसाहत दुसऱ्या श्रेणीच्या विशेष वारसा यादीत गेली. ब्राऊन यांना ब्रिटिश वास्तुरचनाकारांच्या संस्थेचे सुवर्णपदक जाहीर झाले २०१७ साली, आणि जानेवारी २०१८मध्ये ते वारले. अखेरची वर्षे ते कॅम्डेनच्याच फ्लीट रोडवरच्या, स्वतः आखलेल्या कौन्सिल वसाहतीत राहत होते.

हॅम्पस्टेडच्या श्रीमंत टेकडीवर ब्रँच हिल इथे कौन्सिलने घरे बांधायला घेतली, तेव्हा बराच गदारोळ झाला. दोन मजल्यांहून उंच बांधायचे नाही, अशी जमिनीच्या जुन्या करारातच अट होती, त्यामुळे घरे महाग पडली. सार्वजनिक पैशातून इतकी महाग घरे का, हा हुजूर पक्षाचा प्रश्न वाजवी होता. रेल्वे कामगाराने टेकडीवरची हवा का खाऊ नये, हा मजूर पक्षाचा प्रश्नही तितकाच वाजवी होता. माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे.

सत्तरच्या दशकात सरकारशी झगडाही चालूच होता. १९७२च्या गृहनिर्माण वित्त कायद्याने कौन्सिलच्या घरांची भाडी वाढवणे सक्तीचे झाले. मिली मिलर यांच्या नेतृत्वाखालच्या कॅम्डेनने तो अमलात आणायला नकार दिला आणि १९७३च्या सुरुवातीला, बराच ताण सोसून, नमते घेतले. पुढचे नेते फ्रँक डॉब्सन, जे नंतर हॉबर्न आणि सेंट पँक्रसचे खासदार व आरोग्यमंत्री झाले. त्याच काळात बरोच्या दक्षिण टोकाला सेंटर पॉइंट ही कचेऱ्यांची उंच इमारत वर्षानुवर्षे रिकामी उभी होती. जानेवारी १९७४मध्ये घरांसाठी लढणाऱ्या कार्यकर्त्यांनी आत शिरून दोन दिवस तिचा ताबा घेतला. बेघरांच्या बरोत रिकामी इमारत, हे चित्र देशभर गाजले. १९७९च्या हिवाळ्यात देशभर सफाई कामगारांसह सार्वजनिक सेवकांचे संप पेटले, तेव्हा राष्ट्रीय तोडग्याची वाट न पाहता कॅम्डेनने आठवड्याला ३५ तास आणि किमान ६० पौंड वेतन मान्य केले. लेखापरीक्षक पुन्हा उभा राहिला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि या वेळी कौल कौन्सिलच्या बाजूने लागला. लिव्हिंगस्टन त्याच वर्षी हॅम्पस्टेडमधून खासदारकीला उभे राहिले आणि कॅम्डेनचे माजी नेते फिन्सबर्ग यांच्याकडून हरले.

थॅचरबाईंच्या काळात भाडेकरूंना कौन्सिलची घरे सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला. ज्या कुटुंबाला घर मिळाले त्याचे भले झाले, पण विकलेल्या घरांच्या जागी नवी बांधायला पैसे आणि परवानगी मिळेना. १९८५ साली सरकारने घरपट्टीवर मर्यादा घातली, तेव्हा कॅम्डेनसह अनेक कौन्सिलांनी घरपट्टी ठरवायचेच नाकारले. कॅम्डेनने जूनमध्ये माघार घेतली. लँबेथ आणि लिव्हरपूलचे नगरसेवक शेवटपर्यंत ताणत राहिले, त्यांच्यावर वसुली लागली आणि ते अपात्र ठरले. सेंट पँक्रसच्या जुन्या अनुभवाचे शहाणपण इथे कामी आले असावे.

जानेवारी २००४चे मतदान या इतिहासात ठळक अक्षरांत लिहावे असे आहे. घरांचे व्यवस्थापन वेगळ्या कंपनीकडे द्या, तरच दुरुस्तीला जादा पैसे मिळतील, अशी सरकारची अट होती. रक्कम सुमारे २८ कोटी पौंड. कौन्सिलने होकाराचा प्रचार केला. भाडेकरूंमध्ये मतदान घेतले तेव्हा ७७ टक्क्यांनी नकार दिला. पैशाची गरज त्यांना कळत होती. तरी आपला घरमालक आपण निवडून देतो, तो उद्या कंपनी होऊ नये, हा त्यांचा विचार होता. मजूर पक्षाला आपल्याच मतदारांनी दिलेला हा नकार पुढच्या पराभवाची नांदी ठरला. २००६च्या निवडणुकीत ५४ जागांपैकी लिबरल डेमोक्रॅटांना २०, मजूर पक्षाला १८, हुजूर पक्षाला १४ आणि ग्रीन पक्षाला २ मिळाल्या. लिबरल डेमोक्रॅट आणि हुजूर पक्षाने मिळून चार वर्षे कारभार केला. २०१० साली मजूर पक्ष ३० जागा घेऊन परतला.

मे २०१७मध्ये जॉर्जिया गुल्ड कौन्सिलच्या नेत्या झाल्या आणि महिनाभरात पश्चिम लंडनमधला ग्रेनफेल मनोरा जळाला. स्विस कॉटेजजवळच्या कॅम्डेनच्या चॅलकॉट्स वसाहतीच्या मनोऱ्यांनाही तशाच धोक्याचे आवरण होते. तपासणीत आगरोधक दारांचे आणि वायुवाहिन्यांभोवतीचे दोषही निघाले. अग्निशमन दलाने सुरक्षिततेची हमी देता येत नाही असे सांगताच २३ जूनच्या संध्याकाळी चार मनोरे रिकामे करायचा निर्णय झाला. शेकडो कुटुंबे कपड्यांच्या पिशव्या घेऊन रात्री खाली उतरली. काही जणांनी घर सोडायला साफ नकार दिला. म्हातारी माणसे, तान्ही मुले, दोन दिवसांवर आलेली ईद, आणि क्रीडा केंद्राच्या लादीवर अंथरलेल्या हवेच्या गाद्या. निर्णय घाईचा होता असे म्हणणारे आजही भेटतील. पण ग्रेनफेलच्या राखेत दहा दिवसही लोटले नव्हते, आणि त्या घडीला दुसरा निर्णय घेण्याचे धाडस कोणी करू नये.

चॅलकॉट्सच्या शेजारून किंग हेन्रीज रोड जातो. त्यावरच्या १० क्रमांकाच्या घरात १९२१-२२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन असा त्यांचा दुहेरी अभ्यास तेव्हा चालू होता. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली हे घर विकत घेतले, त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्याचे उद्घाटन झाले आणि ते स्मारक म्हणून लोकांना खुले झाले. घराचा वापर बदलण्याची रीतसर परवानगी मात्र राहून गेली होती. २०१८ साली अर्ज केला तेव्हा कॅम्डेन कौन्सिलने तो फेटाळला. निवासी जागा कमी होते, हे कारण. शेजाऱ्यांची गर्दी-गोंगाटाची तक्रारही होतीच. महाराष्ट्रात ही बातमी आली तेव्हा बाबासाहेबांचा अवमान झाला असे अनेकांना वाटले, आणि ते वाटणे स्वाभाविक होते.

या कौन्सिलचा मागचा सगळा इतिहास माहीत असला, की त्या नकाराकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. जिथे राहत्या घराचा प्रत्येक चौरस फूट जपायचा नियम साठ वर्षांच्या भांडणांतून तयार झाला, तिथल्या अधिकाऱ्याने नियमावर बोट ठेवले. नियम चांगला होता, पण या घराला तो लावणे चुकीचे होते. परळच्या बीआयटी चाळीत, म्हणजे सार्वजनिक संस्थेने कष्टकऱ्यांसाठी बांधलेल्या खोल्यांत, आयुष्याची उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाचे हे स्मारक. घरांसाठी लढलेल्या बरोने ते आपणहून उराशी धरायला हवे होते. शासनाने अपील केले, सार्वजनिक सुनावणी ठरली, आणि मार्च २०२०मध्ये गृहनिर्माण मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी स्मारकाला परवानगी दिली. आज तिथे जगभरातून माणसे येतात.

दरम्यान युस्टनजवळ नव्या वेगवान रेल्वेसाठी रीजंट्स पार्क वसाहतीतल्या काही इमारती पाडल्या गेल्या. कौन्सिलने या प्रकल्पाला विरोध केला, तो टिकला नाही. तेव्हा निदान तिथल्या भाडेकरूंना त्याच वसाहतीत घरे मिळावीत म्हणून रेल्वेकडून पैसे घेऊन नव्या इमारती बांधल्या. पाडलेल्यांत सिल्व्हरडेलही होती, जिथून १९६० साली आर्थर रो यांना बाहेर काढले होते.

कौन्सिलची रचना आणि राजकीय बळ पाहायचे तर २०२२पासून प्रभाग २० आणि नगरसेवक ५५. लोकसंख्या २०२१च्या जनगणनेनुसार सुमारे २ लाख १० हजार. निवडणूक चार वर्षांनी, सगळ्या जागांसाठी एकदमच. महापौरपद मानाचे, खरी सत्ता नेता आणि त्याच्या मंत्रिमंडळाकडे. आपल्याकडच्यासारखा राज्य सरकारने नेमलेला आयुक्त तिथे नसतो, मुख्याधिकारी कौन्सिलच नेमते. त्यामुळे चुकले तर बोट दाखवायला दुसरा कोणी नसतो. २०२२च्या निवडणुकीत मजूर पक्षाला ४७, लिबरल डेमोक्रॅटांना ४, हुजूर पक्षाला ३ आणि ग्रीन पक्षाला १ जागा मिळाली. ज्या टेकडीवर हुजूर पक्षाला आव्हान नव्हते तिथे तो मूठभर उरला. हॉबर्न आणि सेंट पँक्रसचे खासदार कीर स्टार्मर जुलै २०२४मध्ये पंतप्रधान झाले आणि गुल्डही त्याच निवडणुकीत संसदेत गेल्या.

विरोधी बाकांवर आठच माणसे असणे कोणत्याही सभागृहाला बरे नाही. १९५९चा हुजूर पक्ष आणि १९५६चा मजूर पक्ष एकमेकांचे वैरी होते, पण एकमेकांचा हिशेब तपासून घेत होते. २०२२च्या निवडणुकीनंतर कॅम्डेनमध्ये ते काम बरेचसे भाडेकरूंच्या संघांनाच करावे लागले. वसाहतीच्या पुनर्बांधणीत किती घरे कौन्सिलची राहणार आणि किती बाजारात विकणार, हे विचारायला त्यांची माणसे टाउन हॉलच्या सभेत येतात, आणि कौन्सिलच्या नियमाप्रमाणे त्यांचे म्हणणे आधी ऐकून घेतले जाते.